यावलजवळच्या केळी पॅक-हाऊससाठी खडी नेमकी किती ब्रास धरावी?

केळीबाग, यावल (प्रश्न)

नमस्कार. यावल तालुक्यात, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गापासून थोडे आत, आमच्या शेतात केळी धुऊन पेट्यांत भरण्यासाठी ६० फूट लांब व ४० फूट रुंद अशी पत्र्याची शेड उभारायची आहे. पावसाळ्यापूर्वी पाया, जोते, आतली काँक्रीटची जमीन आणि गाडी शेडपर्यंत येण्यासाठी ३०० फूट लांब व १२ फूट रुंद खडीचा रस्ता एवढी कामे उरकायची आहेत. खडी किती मागवावी याबद्दल मला जी उत्तरे मिळाली, त्यांत फार मोठा फरक आहे. ठेकेदार ६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) म्हणतात आणि आमचे जुने मिस्त्री ४० ब्रासमध्ये सर्व काम होईल असे ठामपणे सांगतात. दोघांनीही आकडा कसा काढला ते सांगितले नाही.

मी स्वतः असा हिशेब केला. खांब १४ आहेत. प्रत्येक खांबाखाली साडेपाच फूट चौरस व ६ इंच जाडीचे पीसीसी, म्हणजे सळईविना साधे काँक्रीट आहे, त्याचे एकूण २१२ घनफूट होतात. त्यावर ५ फूट चौरस व १५ इंच जाडीचे फुटिंग, म्हणजे खांबाचा रुंद पाया आहे, त्याचे ४३७ घनफूट होतात. खांबांचा जमिनीखालचा भाग आणि जोत्याची बीम मिळून आणखी २९३ घनफूट भरतात. शेडच्या आत ६ इंच दाबलेली जाड खडी १,२०० घनफूट आणि तिच्यावर ५ इंच काँक्रीट १,००० घनफूट. रस्त्यावर दबाईनंतर ६ इंच थर हवा आहे, म्हणजे १,८०० घनफूट. ही सगळी बेरीज ४,९४२ घनफूट, म्हणजे साडेएकोणपन्नास ब्रासच्या जवळ जाते. मग ५० ब्रास मागवावी काय?

एवढ्या काटेकोरपणे विचारण्याचे कारण आहे. चार वर्षांपूर्वी घराच्या स्लॅबच्या दिवशी दुपारी तीन वाजता खडी संपली आणि पुढची गाडी रात्री आठ वाजता आली. तोपर्यंत आधीचे काँक्रीट आवळून गेले होते. जिथे जुने आणि नवे काँक्रीट जुळले, त्याच रेषेतून आजही प्रत्येक पावसाळ्यात पाणी पाझरते. ती चूक मला पुन्हा होऊ द्यायची नाही. त्याच वेळी दहा-पंधरा ब्रास खडी विनाकारण शेतात पडून राहणेही परवडणारे नाही.

निवृत्त उपअभियंता, धुळे

नमस्कार भाऊ. आपली मापे आणि गुणाकार बरोबर आहेत. मात्र त्यांच्यावरून थेट खडीचा आकडा निघत नाही, कारण आपण दोन वेगळ्या प्रकारचे ब्रास एकत्र मिळवले आहेत. ब्रास म्हणजे १०० घनफूट हे खरे, पण हे शंभर घनफूट खडी कोणत्या अवस्थेत असतानाचे आहेत, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. गाडीतून सुट्टी ओतलेली खडी, रोलरखाली दाबलेली खडी आणि काँक्रीटमध्ये जाऊन बसलेली खडी यांचे माप एकच नसते. आपल्या काळ्या पाषाणाच्या सुट्ट्या खडीत साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के जागा पोकळ असते आणि हिशेबातली बहुतेक गडबड याच पोकळीमुळे होते.

आधी काँक्रीट पाहू. तयार एक घनफूट काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू आणि खडी मिळून कोरडा माल सुमारे १.५४ घनफूट लागतो, कारण वाळू खडीच्या फटींत जाते आणि सिमेंट वाळूच्या फटींत. मिश्रण एकास दीडास तीन असेल, तर एकूण भाग साडेपाच आणि त्यांत खडीचे भाग तीन. १.५४ ला ३ ने गुणून ५.५ ने भागले की ०.८४ येते. म्हणजे एक ब्रास तयार काँक्रीटला ०.८४ ब्रास सुट्टी खडी लागते. पीसीसीचे एकास तीनास सहा मिश्रण धरले, तर हाच आकडा ०.९२ होतो. आपल्या आतल्या जमिनीचे काँक्रीट १० ब्रास आहे, त्याला ८.४ ब्रास खडी पुरेल. फुटिंग, खांब आणि बीम मिळून ७.३ ब्रास, त्याला ६.१ ब्रास. पीसीसीला सुमारे १.९५ ब्रास. काँक्रीटसाठी आपण १९.४ ब्रास मोजले होते. प्रत्यक्षात सुमारे साडेसोळा ब्रास खडी लागेल.

आता दाबलेल्या थरांकडे या. येथे गणित नेमके उलटे चालते. रोलर फिरला की खडीचे तुकडे एकमेकांत अडकून बसतात व थर खाली जातो, त्यामुळे दाबलेल्या एका ब्रासला सुट्टी खडी एका ब्रासपेक्षा बरीच जास्त लागते. रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांत पाणी मारून दाबलेल्या खडीच्या रस्त्यासाठी, दबाईनंतर ७५ मिलिमीटर जाडीच्या थराला, दर १० चौरस मीटरमागे ०.९१ ते १.०७ घनमीटर सुट्टी खडी धरली आहे. याचा अर्थ सव्वापटीपासून जवळजवळ १.४३ पटीपर्यंत माल लागतो. मी आयुष्यभर प्राथमिक अंदाजासाठी १.३ धरत आलो. त्या हिशेबाने आपल्या रस्त्याच्या १८ ब्रासला २३.४ ब्रास आणि शेडच्या आतील १२ ब्रासला १५.६ ब्रास, म्हणजे एकूण ३९ ब्रास जाड खडी लागेल. ६ इंचांचा थर एकदम दाबू नये. तीन-तीन इंचांचे दोन थर करावेत, नाहीतर वरचा भाग घट्ट दिसतो आणि खाली खडी सैलच राहते.

दोन्ही मिळून ५५.५ ब्रास होतात. आपल्या पन्नासपासून हा आकडा फार दूर वाटत नाही, पण तो योगायोग आहे. एका बाजूला तीन ब्रास जास्त आणि दुसऱ्या बाजूला नऊ ब्रास कमी, अशा दोन चुकांनी एकमेकींना काही प्रमाणात झाकले. फक्त रस्त्याचेच काम असते, तर आपण १८ ब्रास मागवून चौथ्या दिवशी पाच ब्रासांसाठी फोन करत बसला असता. शिवाय दोन्ही खड्यांचे आकार वेगळे आहेत, त्यामुळे एकीकडची उरलेली खडी दुसरीकडची तूट भरून काढत नाही. म्हणून ठेकेदाराला एकच एकत्रित आकडा कधीही देऊ नये. प्रत्येक आकाराची खडी वेगळी लिहून द्यावी.

नासाडीसाठी लोक सरसकट पाच किंवा दहा टक्के धरतात. पाच टक्के धरायला माझी हरकत नाही, पण खरी तूट पातळीच्या चुकीतून येते. आपल्या २,४०० चौरस फुटांच्या जमिनीत काँक्रीट सर्वत्र फक्त अर्धा इंच जास्त पडले, तरी पूर्ण एक ब्रास काँक्रीट वाढते. रस्त्याच्या ३,६०० चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे दाबलेली दीड ब्रास, अर्थात सुट्टी जवळजवळ दोन ब्रास खडी. म्हणून खडी टाकण्यापूर्वी दर दहा फुटांवर खुंट्या मारून दोरी बांधा आणि खालची पातळी मोजून घ्या. एका दिवसाच्या या कामाने जेवढी खडी वाचते, तेवढी नासाडीच्या टक्केवारीवर घासाघीस करून वाचत नाही.

काँक्रीटचे वरील प्रमाण हे मापाने घालायचे ठरावीक मिश्रण आहे आणि आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ते एम-२० या ताकदीच्या दर्जापर्यंतच चालते. शेडच्या आराखड्यात त्याहून वरचा दर्जा लिहिला असेल, तर प्रयोगशाळेतून मिश्रणाचे वजनी प्रमाण काढून घ्यावे लागेल आणि खडीही त्याप्रमाणे बदलेल.

क्रशर व वाहतूक, भुसावळ

साहेबांनी हिशेब स्पष्ट करून दिला आहे. माझा धंदाच खडीचा असल्याने मागणी आणि मोजणीबद्दल थोडे लिहितो.

आमच्याकडे मागणी करताना नुसते ‘खडी’ म्हणू नये. काँक्रीटसाठी पाऊण इंची, म्हणजे २० मिलिमीटरची खडी आणि तिच्याबरोबर अर्धा इंची, म्हणजे १० ते १२ मिलिमीटरची खडी घ्यावी. साधारण साठ टक्के पाऊण इंची आणि चाळीस टक्के अर्धा इंची घेतली की फटी चांगल्या भरतात. आपल्या साडेसोळा ब्रासांत हे अंदाजे दहा आणि साडेसहा असे पडते. पीसीसीसाठी बरेच लोक दीड इंची मागवतात, पण दोन ब्रासांसाठी वेगळी गाडी आणण्यात काही अर्थ नाही, तेथेही पाऊण इंचीच वापरा. रस्त्याला आणि शेडखाली ४५ ते ६३ मिलिमीटरची जाड खडी लागेल. तिच्या फटी भरण्यासाठी लागणारी बारीक चुरी आणि मुरूम यांचा हिशेब वेगळा ठेवा, तो वरच्या ३९ ब्रासांत धरलेला नाही.

गाडी आली की डब्याची आतली लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजून, त्यांचा गुणाकार करून शंभराने भागा. आत १५ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच भरलेली गाडी ३.९४ ब्रास होते. तिला चार ब्रास म्हणणे ठीक, साडेचार म्हणणे ठीक नाही. पुढच्या बाजूला जॅकसाठी डब्यात आलेला उंचवटा असेल, तर तेवढे माप वजा करावे. क्रशरवर काठोकाठ भरलेली खडी तीस-चाळीस किलोमीटर हादरत आली की दोन-तीन इंच खाली बसते आणि मग घेणाऱ्याला वाटते की वाटेत माल उतरवला. माल तेवढाच असतो, फक्त पोकळी कमी झालेली असते. म्हणून मोजायचे तर दर वेळी एकाच ठिकाणी मोजावे, किंवा सरळ वजनकाट्यावर जावे.

वजनाचा भरवसा मला जास्त वाटतो, पण वजनावरून ब्रास काढण्यासाठी इंटरनेटवरचा आकडा वापरू नका. एक फूट लांब, रुंद आणि उंच असा फरमा सुताराकडून करून घ्या, त्यात कोरडी खडी न ठोकता भरा, वरून फळी फिरवून सपाट करा आणि वजन करा. असे तीन वेळा करून सरासरी काढा. चांगल्या काळ्या पाषाणाची पाऊण इंची खडी घनफुटाला ४२ ते ४४ किलो भरते, म्हणजे ब्रासला ४.२ ते ४.४ टन. चपट्या तुकड्यांचे प्रमाण जास्त असेल, तर हेच वजन कमी येते, कारण चपटी खडी नीट बसत नाही आणि तिच्यात पोकळी वाढते. अशा खडीला वाळू आणि सिमेंटही जास्त लागते, तेव्हा ब्रासमागे थोडी स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त पडत नाही.

आपल्या यावल–रावेर पट्ट्यात तापीच्या गाळाची जाडी मोठी आहे, त्यामुळे खडी लांबूनच येणार आणि भाड्याचा वाटा मोठा राहणार. निवड करताना अंतराबरोबर दगडही पाहा. आपल्याकडचा खडक थराथरांचा आहे. घट्ट काळ्या पाषाणाच्या शेजारीच मांजऱ्या खडकाचा थर असतो, ज्याच्या बारीक पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली दिसतात, आणि दोन थरांच्या मधे कधी लाल मातकट पट्टा येतो. खडीत लालसर, हाताने चुरणारे तुकडे किंवा पांढरे ठिपके फार दिसले, तर ती गाडी काँक्रीटसाठी उतरवून घेऊ नका. खाण सरकारी भाडेपट्ट्याची आहे का, गाडीबरोबर गौण खनिजाचा वाहतूक परवाना आहे का आणि त्यावरचे ब्रास आपल्या मोजणीशी जुळतात का, हेही पाहून त्याची प्रत जपून ठेवा.

साइट पर्यवेक्षक, चाळीसगाव

दादा, वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहिली आहे आणि आपल्या भागात खडी कमी पडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. आपण रस्ता काळ्या जमिनीवर करणार आहात. काळी माती ओली झाली की लोण्यासारखी मऊ होते आणि खडीचा सर्वांत खालचा थर तिच्यात रुतून बसतो. गिरणेच्या काठच्या एका शेतरस्त्याच्या कामावर आम्ही ठरलेली सगळी खडी टाकली, तरी जाडी भरेना. शेवटी आडवा चर खणून पाहिला, तेव्हा खालची दोन ते अडीच इंच खडी मातीत शिरलेली होती आणि माती खडीच्या फटींतून वर आली होती. आपल्या रस्त्याच्या मापाने दोन इंच म्हणजे ६०० घनफूट, म्हणजे सहा ब्रास दाबलेली खडी. एवढी खडी मातीत घालण्याइतकी ती स्वस्त नाही.

म्हणून आधी वरची मऊ माती काढून ९ इंच मुरूम पसरा, त्यावर पाणी मारून रोलर फिरवा आणि मगच खडी टाका. मुरूमही दाबला की बसतो. ३,६०० चौरस फुटांवर ९ इंच म्हणजे दाबलेले २७ ब्रास होतात, त्यासाठी ३४ ब्रासच्या आसपास सुट्टा मुरूम लागेल. आकडा मोठा दिसतो, पण मुरूम खडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो आणि रस्त्याचे आयुष्य त्याच्यावरच ठरते. शेडच्या आतही हेच लागू आहे. तेथे काळी माती राहिली, तर पावसाळ्यात ती फुगून वरच्या काँक्रीटला तडे देते. रस्त्याला मधून कडेला उतार आणि दोन्ही बाजूंना चारी ठेवायला विसरू नका. केळीला ठिबकने पाणी दिले तरी शेतातली ओल रस्त्याखाली येतेच.

खडी उतरवण्याची जागाही आधी ठरवून ठेवा. २० फूट लांब व २० फूट रुंद ढीग मोकळ्या शेतात टाकला आणि तळाची दोन इंच खडी मातीत मिसळली, तर पाऊण ब्रासच्या जवळपास खडी काँक्रीटसाठी निरुपयोगी होते. ढिगाखाली मुरूम दाबून घ्या किंवा जुने पत्रे अंथरा. एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट करणार असाल, तर आदल्या संध्याकाळी खडीवर पाणी शिंपडून ठेवा. तापलेली कोरडी खडी मिश्रणातले पाणी ओढून घेते आणि मग मजूर ड्रममध्ये वरून पाणी ओततात, ज्याने काँक्रीटची ताकद जाते.

केळीबाग, यावल

आपण तिघांनी एवढ्या आपुलकीने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मिस्त्रींचे ४० ब्रास कोठून आले ते आता लक्षात येते. त्यांनी बहुधा फक्त जाड खडी मोजली आणि काँक्रीट वेगळे धरले. ठेकेदारांचे ६० ब्रास फारसे चुकीचे नव्हते, पण त्यांत कोणत्या आकाराची किती, हे त्यांनी सांगितले असते तर माझी शंका तेव्हाच मिटली असती.

आता मी असे ठरवले आहे. पहिल्यांदा रस्ता आणि शेड दोन्हींसाठी मुरूम आणून दाबून घेतो आणि पातळी मोजतो. त्या पातळीवरून जाड खडीचा हिशेब पुन्हा करून पाच टक्के वाढीसह ४१ ब्रास टप्प्याटप्प्याने मागवतो. काँक्रीटसाठी पाऊण इंची साडेदहा आणि अर्धा इंची सात ब्रास घेतो. त्यातली जमिनीच्या काँक्रीटची खडी, म्हणजे पाच टक्के धरून सुमारे नऊ ब्रास, काँक्रीटच्या आदल्या दिवशी मोजून जागेवर आल्याशिवाय मिक्सर सुरू करणार नाही.

एक शेवटची शंका आहे. घराच्या कामाच्या वेळी उशिरा आलेल्या गाडीतली पाऊण इंची खडी विहिरीजवळ गोल ढिगाच्या रूपाने अजून पडून आहे. ती किती आहे हे न हलवता कसे मोजावे, आणि ती वापरता येईल काय?

निवृत्त उपअभियंता, धुळे

ढीग शंकूसारखा असेल, तर तळाभोवती टेप फिरवून घेर मोजा आणि एक सरळ काठी वरून आडवी धरून मधली उंची मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला उंचीने गुणा आणि आलेल्या संख्येला ३७.७ ने भागा, म्हणजे घनफूट मिळतील. घेर ४० फूट आणि उंची साडेचार फूट असेल, तर ४० गुणिले ४० गुणिले ४.५ म्हणजे ७,२०० आणि त्याला ३७.७ ने भागले की १९१ घनफूट, म्हणजे १.९ ब्रास येतात.

चार वर्षे उघड्यावर पडलेल्या खडीत धूळ, पालापाचोळा आणि गवताची मुळे गेलेली असतात. दगड त्याने खराब होत नाही, पण मातीचा लेप असलेल्या खडीला सिमेंट धरत नाही. वरची खडी चाळून आणि धुऊन पीसीसीत वापरा, म्हणजे त्या दोन ब्रासांची मागणी कमी करता येईल. तळाची मातीत रुतलेली खडी काँक्रीटमध्ये मुळीच घालू नका. रस्त्याच्या कडेला चारीलगत जेथे गाडीचे चाक उतरते, तेथे ती मुरमात मिसळून दाबून टाका.